चर्चशी वाद झाला, तरी ते सोडून का गेले नाहीत?

नळदुर्गहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा जे सोलापूरच्या एसटीत बसल्यावर इअरफोन घरी राहिल्याचं लक्षात येऊन कपाळावर हात मारतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना आलेले 'ॲक्चुअली' आणि 'म्हणजे' जमेल तितके काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आजचा प्रश्न असा: चर्चच्या अधिकाऱ्यांशी पटत नाही, ते चुकतायत हे डोळ्यांना दिसतंय, तरीही माणूस ख्रिस्ती का राहतो?

मी मराठी ख्रिस्ती घरातला, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही. माझ्या वयाची कितीतरी पोरं-पोरी आता फक्त नाताळला आणि लग्नाला चर्चमध्ये दिसतात. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "देवाशी भांडण नाही रे, कमिटीशी आहे." कुठे निवडणुकीवरून दोन गट पडलेत. कुठे जमिनीचा दावा कोर्टात चाललाय. कुठे हिशेब विचारला म्हणून अख्ख्या घराशी बोलणं बंद झालंय. यातून पुढची पायरी पटकन येते, "मग हे सगळंच खोटं असणार."

ती पायरी खरंच आपोआप येते का, एवढंच आज बघायचंय.

तुमच्यापैकी बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, माहितीय. पण विषय तुमच्याही ओळखीचा आहे. आमच्याकडचा खंडोबा वर्षातला काही काळ नळदुर्गला असतो आणि बाकीचा अणदूरला. देव कधी न्यायचा, कधी आणायचा, हे दोन्हीकडची माणसं बसून ठरवतात, रीतसर करार करतात. उद्या त्या माणसांवर कुणी रागावला, तर तो मानकऱ्यांशी भांडेल, पण भंडारा उधळायचं सोडेल का? व्यवस्था माणसं बघतात आणि श्रद्धा भक्ताची असते, हा फरक आपल्या मातीत आधीपासून आहे.

'मंडळी' हा शब्द नीट ऐका

मी दर भागात "नमस्कार मंडळी" म्हणतो. गंमत अशी की मराठी बायबलमध्ये 'चर्च'साठी हाच शब्द आहे, मंडळी. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्दही असाच, म्हणजे जमलेली माणसं. इमारत, ऑफिस, बिशपांचं पत्र, कमिटीचा ठराव हे सगळं नंतर आलं. ते निरुपयोगी आहे असं नाही. माणसं जमली की चाव्या कुणाकडे तरी ठेवाव्याच लागतात. पण ज्याच्याकडे चावी आहे तोच घराचा मालक, असा समज झाला की घोळ सुरू होतो.

महाराष्ट्रात हा घोळ सगळ्यात आधी आणि सगळ्यात धीटपणे कुणी ओळखला असेल, तर पंडिता रमाबाईंनी.

रमाबाई: बाप्तिस्मा घेतला, शरणागती नाही

शाळेत आपण रमाबाई एका परिच्छेदात संपवतो. जन्म १८५८, संस्कृत पंडिता, विधवांसाठी काम. मधला सगळा थरार त्यात गळून पडतो.

१८७४च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी देशभर फिरत पुराणं सांगितली. १८७८ साली कोलकात्यात विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न केलं आणि दोन वर्षांच्या आतच विधवा झाल्या. पदरात छोटी मनोरमा. १८८२मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि १८८३मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज या गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गदारोळ झाला. धर्म सोडला, म्हणजे आता ही बाई इंग्रजांच्या चर्चची झाली, असं लोकांना वाटलं. चर्चलाही तसंच वाटलं. दोघांचाही अंदाज चुकला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो आज छापील मिळतो. मिळाला तर नक्की वाचा. सिस्टर त्यांच्या धर्मातल्या गुरू आणि एका अर्थानं आईसारख्या होत्या. माया होती, पण अपेक्षाही होती, की नव्या मुलीनं चर्च सांगेल ते मुकाट ऐकावं. रमाबाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आमच्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी एवढ्या कष्टानं उतरवलं, ते दुसरं जोखड मानेवर घ्यायला नाही.

वाद कशाकशावरून झाले बघा. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, मला लॅटिन कळत नाही, माझ्या देशातल्या लोकांनाही नाही, मग संस्कृत का नको? त्या शाकाहारी राहिल्या, त्यावरूनही कुरबुर झाली. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एक, ही शिकवण त्यांना बायबल वाचून पटत नव्हती. तेही त्यांनी सरळ लिहून टाकलं. मनोरमेला धर्मातलं काय आणि कुणी शिकवायचं, यावरूनही खटका उडाला.

सगळ्यात बोलका प्रसंग चेल्टनमचा. तिथल्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. काय, तर भारतात याचा वाईट परिणाम होईल! ज्या बाईनं भारतात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्यानं दिली होती, तिला भारतातल्या स्त्रीची मर्यादा इंग्रज बिशप शिकवत होते. रमाबाईंनी स्पष्ट कळवलं, की वडिलांनी आणि नवऱ्यानं कधी असली आडकाठी घातली नाही, आणि माझं काय करायचं ते मी ठरवीन.

आता आपला मूळ प्रश्न. इतकं झाल्यावर त्या सोडून का गेल्या नाहीत? सोडणं अवघड नव्हतं. परत हिंदू समाजात मानानं घ्यायला निदान काही सुधारक तरी तयार झाले असते. मला त्यांच्या आयुष्यात तीन कारणं दिसतात.

कारण एक: जे डोळ्यांनी पाहिलं होतं

रमाबाई ख्रिस्ती का झाल्या, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय, आणि त्यात बिशप कुठेच नाहीत. लंडनजवळ फुलमला जोगिणींचं एक केंद्र होतं. समाजानं 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, शिकवत, मायेनं वागवत. अशा बायकांना शिक्षा द्यायची असते, हेच रमाबाईंनी तोवर शास्त्रांत वाचलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवली गेली. विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली, लोकांनी नाक मुरडलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी बरोबरीनं बोलणारा येशू.

त्यांच्या श्रद्धेचा पाया हा होता, आणि बिशपांच्या एका पत्रानं तो हलण्यासारखा नव्हता. पण हेही विसरू नका, की फुलमचं काम करणाऱ्या जोगिणी त्याच संघाच्या होत्या ज्यांच्याशी त्या भांडत होत्या. एकाच संस्थेत दोन्ही गोष्टी होत्या आणि रमाबाईंनी दोन्ही मान्य केल्या. रागाच्या भरात चांगलं पुसून टाकलं नाही आणि कृतज्ञतेपोटी वाईटाला मान डोलावली नाही. पुढे केडगावला त्यांनी अशाच बायकांसाठी 'कृपासदन' उभं केलं. फुलममध्ये जे पाहिलं ते घरी आणलं, बाकीचं तिकडेच ठेवलं.

कारण दोन: मूळ मजकूर स्वतः वाचायचा हक्क

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. दोन जण डॉक्युमेंटेशनवरून भांडत असतील, तर सोर्स कोड उघडा. रमाबाईंनी अक्षरशः तेच केलं. चर्च म्हणतं म्हणून नाही, पुस्तकात काय लिहिलंय ते बघू. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रश्न सुटेपर्यंत बाहेर थांबायचं, असं त्यांनी केलं नाही. प्रश्न घेऊन आतच बसल्या. काहींची उत्तरं बऱ्याच वर्षांनी मिळाली, काही मतं बदलली. त्यांनीच पुढे लिहिलंय, की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली.

मग वाटलं, माझ्यासारखी संधी केडगावच्या बायकांना का नको? तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा कमी शिकलेल्या बाईला जड जायची. म्हणून साध्या बोलीत संपूर्ण बायबलचं भाषांतर हातात घेतलं. जवळजवळ १८ वर्षं ते काम चाललं. अक्षरं जुळवायचं आणि छपाईचं काम मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी केलं. १९२१मध्ये मनोरमा गेली. त्या दुःखातही रमाबाई मुद्रितं तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या आणि छापील बायबल १९२४ साली बाहेर आलं.

भांडणाला यापेक्षा चांगलं उत्तर काय असणार? अर्थ सांगायचा मक्ता एकाच्या हातात आहे अशी तक्रार असेल, तर पुस्तकच सगळ्यांच्या हातात द्या.

याचा धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीवरून आरडाओरडा झाला होता, आठवत असेल. त्यांचं मोठं काम म्हणजे 'सुबोध बायबल', ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते २०२४मध्ये गेले. चर्च वेगळं, शतक वेगळं, पण ध्यास तोच, की हे पुस्तक मराठी माणसाला मराठीतच कळलं पाहिजे.

कारण तीन: अवलंबून असलेली माणसं

११ मार्च १८८९ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा आणि मुलींना शिकवायचं, धर्म लादायचा नाही, असं धोरण होतं. त्यावर मिशनरी मंडळी नाराज, की ही धर्मांतर का करत नाही! इकडे काही मुली आपणहून रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तर पुण्यात वादळ. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

म्हणजे दोन्हीकडून मार. अशा वेळी माणूस हात झटकून मोकळा होतो. पण १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा शेकड्यांनी केडगावला आल्या. त्यांना जेवण, छप्पर आणि अक्षरओळख हवी होती. चर्चमध्ये कोण बरोबर, या वादाचा निकाल लागेपर्यंत त्यांची भूक थांबणार नव्हती. कामानं रमाबाईंना धरून ठेवलं आणि त्यांनी कामाला. मुक्तीचं काम कुठल्याही एका पंथापुरतं त्यांनी ठेवलं नाही.

टिळक: मिशन सोडलं, ख्रिस्त नाही

दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. फुलामुलांचे कवी म्हणून पाठ्यपुस्तकात भेटलेले. १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी घर तुटलं. लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं वेगळे राहिले. 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर तो काळ तुम्हाला ठाऊक आहे.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम करायचे. 'ज्ञानोदय'चं मराठी संपादन १९१२पासून त्यांच्याकडे होतं. पण मनात एक काटा सलत होता. भारतातली मंडळी चालवणार अमेरिकेतली माणसं, पैसा तिकडून, चालीरीती तिकडच्या. गावातला माणूस ख्रिस्ती झाला की शेजाऱ्यांना तो परका वाटायचा. टिळक म्हणायचे, मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या पुलावरून. ज्या पुलावरून आलो तोच का तोडायचा? म्हणून अभंग, ओव्या, कीर्तन. आजही आमच्या उपासनेत जी गाणी सगळ्यांना तोंडपाठ असतात, त्यांतली कितीतरी टिळकांची.

१९१७मध्ये त्यांनी मिशनमधलं काम सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. अट एकच, ख्रिस्ताचा शिष्य व्हायचं. सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर त्यांनी प्रोजेक्ट डिलीट केला नाही, फोर्क केला. ९ मे १९१९ला ते गेले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली आणि त्यांच्या मागे तो फार वाढला नाही, हे खरं. पण मराठी ख्रिस्ती माणूस मराठी राहूनच ख्रिस्ती असू शकतो, हा मुद्दा त्यांनी कायमचा जिंकला.

"त्यांचं ठीक आहे, आमचं काय?"

आता एक रास्त आक्षेप. रमाबाई आणि टिळक दोघेही ब्राह्मण घरातले, विद्वान, नावाजलेले. बिशपांना उलट उत्तर देणं त्यांना परवडलं. मराठवाड्यातल्या वस्तीवरच्या ख्रिस्ती घराचं काय? पूर्वज अस्पृश्यता सोसून चर्चमध्ये आले, आणि तिथेही जात आडवी आली. वर १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांनाही मिळाला. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. म्हणजे ख्रिस्ती राहण्याची किंमत त्यांना दाखल्यावर मोजावी लागते.

या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत अरविंद निर्मल यांचं नाव महत्त्वाचं. १९८१ साली बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या त्यांच्या भाषणातून पुढे 'दलित ईश्वरविज्ञान' ही विचारधारा उभी राहिली. त्यांचा सूर असा, की आजवर चर्चमध्ये देवाविषयी बोलले ते वरच्या जातीतून आलेले लोक. ज्यांनी अपमान सोसला त्यांचा येशू कसा दिसतो, हे त्यांनाच सांगू द्या. क्रूसावर टांगलेला, गावाबाहेर काढलेला माणूस दलिताला परका नाही.

विद्वत्ता नसलेल्या माणसाकडेही राहायचं कारण असतं, हे इथे दिसतं. ज्या गोष्टीसाठी आजोबा आले, म्हणजे माणूस म्हणून उभं राहता यावं म्हणून, ती गोष्ट कमिटीनं दिलेली नव्हती. मग कमिटीवर चिडून ती का टाकून द्यायची?

तर मग करायचं काय?

आधी एक गोष्ट ठणकावून. 'राहा' याचा अर्थ 'सोसा' असा घेऊ नका. कुणी अंगावर हात टाकत असेल, मुलांशी गैरवागणूक होत असेल, पैशांची अफरातफर होत असेल, तर तिथून बाहेर पडा, घरच्यांना सांगा, पोलिसांत जा. तिथे श्रद्धेची परीक्षा वगैरे काही नसते. आणि विचार करून कुणाची श्रद्धाच उरली नसेल, तर त्याला ओढत आणायचा हक्कही कुणाला नाही.

पण श्रद्धा आहे आणि राग कारभाऱ्यांवर आहे, असं असेल तर रमाबाई-टिळकांच्या चालीनं स्वतःला तीन प्रश्न विचारून बघा.

पहिला, मी मुळात कशामुळे विश्वास ठेवला? आजीची प्रार्थना, आजारपणात रात्रभर बसलेली शेजारची मावशी, डोंगरावरचं प्रवचन, जे असेल ते. आता ज्याचा राग आलाय, त्यानं ते खोटं ठरतं का?

दुसरा, मी स्वतः वाचलंय का? की पाळक सांगतात ते आणि त्यांचे विरोधक सांगतात ते, एवढ्यावरच माझं मत बनलंय? शुभवर्तमान फोनमध्ये फुकट आहे. मार्काचं तर दोन तासांत वाचून होतं.

तिसरा, माझ्यावर कोण अवलंबून आहे? रविवारच्या शाळेतली पोरं, हिशेबात फसवली जाणारी म्हातारी माणसं. आपण उठून गेलो की खुर्ची रिकामी राहत नाही. ज्याच्याशी भांडण होतं तोच तिथे पाय पसरून बसतो.

रमाबाईंनी पत्रं लिहून भांडण केलं, टिळकांनी नवी जागा केली, निर्मल यांनी नवी भाषा दिली. तिघांचे मार्ग वेगळे. चर्चच्या अधिकाऱ्यांना आपल्या आणि देवाच्या मधे उभं राहू दिलं नाही, ही एक गोष्ट मात्र सारखी.

पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग असेल तर जा. मागच्या बाकावर का होईना, बसा. हिशेब मागा, आवाज न चढवता मागा, आणि उत्तर लेखी घ्या.

आजचं एवढंच. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, मंडळी.